ला पाझला ऊन पडलं तो दिवस

ऑक्सिमीटर विनयच्या बॅगेत सापडला. लोकरी मोज्यांच्या जोडीत खुपसलेला. सुलेखा तो हातात घेऊन पलंगाच्या कडेवर बसली.

स्क्रीनवरची पारदर्शक फिल्म तशीच होती. बॅटरीच्या झाकणातून प्लास्टिकची पट्टी बाहेर डोकावत होती. ती ओढून काढल्याशिवाय यंत्र चालू होत नाही.

तिने पट्टी ओढली. बोट आत सरकवलं. लाल दिवा लागला, आकडा आला. यंत्र उत्तम चालत होतं. म्हणजे आजपर्यंत ते कुणी चालवलंच नव्हतं.

तिचा नवरा विनय जाऊन महिना होत आला होता. तो, चारुदत्त, मल्हार आणि मल्हारची बायको उर्जा पुण्यात एका कॉलेजात शिकले होते आणि आता सगळेच जर्मनीत नोकरी करत होते. फेब्रुवारीत चौघं थोडे दिवस बोलिव्हियातल्या ला पाझला फिरायला गेले. डोंगरात खूप उंचावर वसलेलं मोठं शहर. सुलेखाला लुडविग्सहाफेनच्या कंपनीतून सुट्टी मिळाली नाही. तिने विनयच्या बॅगेत नवाकोरा ऑक्सिमीटर टाकला. शेवटच्या दिवशी हॉटेलच्या खोलीत विनय गेला. विरळ हवेमुळे फुफ्फुसांत पाणी झालं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

बॅग चारुदत्त परतल्यापरतल्याच घेऊन आला होता. उन्हाने भाजून त्याच्या नाकाची सालं निघत होती. बोलताना तो सारखा ती खरवडत होता.

"मी दिवसभर त्याच्यापाशीच होतो, सुलेखा. तू दिलेला ऑक्सिमीटर सारखा लावून बघत होतो. नव्वदच्या खाली गेलाच नाही. मग एकदम बिघडलं."

तेव्हा तिला रडू आलं नव्हतं. आताही आलं नाही. तिने बॅगेतले कपडे मशीनमध्ये टाकले, मशीन सुरू केलं आणि मल्हार-उर्जा राहत त्या झिंडेलफिंगेनचं तिकीट काढलं.

मल्हार आणि उर्जा तिला घ्यायला स्टेशनवर आले होते. घरी गेल्यावर उर्जाने चहा ठेवला. सुलेखा म्हणाली, "मला तिथले फोटो दाखवशील?"

उर्जाने नवऱ्याकडे पाहिलं, मग फोन पुढे केला. उभ्या चढाच्या गल्ल्या. कबुतरांनी भरलेला चौक. डोक्यावरून जाणाऱ्या केबल कार. प्रत्येक फोटोत चौघं रेनकोटात, टोप्या कपाळापर्यंत ओढलेल्या.

"रोज पाऊस होता?"

"रोज. म्हणजे, शेवटचा दिवस सोडून. त्या दिवशी काय लख्ख ऊन पडलं! आमची तोंडं भाजून निघाली." उर्जाने फोन खाली घेतला. "सॉरी."

"बोल ना. त्या दिवशी काय झालं?"

"विनयला सकाळपासून दम लागत होता. आम्ही म्हटलं, कुणीच नको जाऊया. चारू म्हणाला, सगळ्यांनी कोंडून घेऊन काय करायचंय, मी थांबतो. मग आम्ही दोघं शहराबाहेरची दरी बघायला गेलो."

"खोली कशी होती?"

"अंधारी. खिडकी डक्टमध्ये उघडायची. दिवसासुद्धा दिवा लावावा लागायचा."

"आणि डॉक्टर कधी आले?"

"आम्ही परतलो तेव्हा ते बाहेरच पडत होते. चारू जिन्यात बसून रडत होता."

चहावर साय धरली होती.

"मल्हार, तू काहीच बोलत नाहीस."

"काय बोलू?"

"जे सांगायचं राहिलंय ते."

तो उठला. बाल्कनीचं दार उघडंच नव्हतं, तरी ते ओढून पाहिलं.

"विनयने मला फोन केला होता. दुपारी. माझा सायलेंटवर होता. मी पाहिला तोवर सगळं संपलं होतं."

"हे तू मला पण नाही सांगितलंस?" उर्जा म्हणाली.

"काय सांगू? मी उचलला असता तर तो वाचला असता. रोज झोपताना हेच, उठताना हेच."

सुलेखाला वाटलं, आता आपल्याला राग यायला हवा. राग आला नाही. डोक्यात एकच प्रश्न उभा राहिला. तो मल्हारला विचारायचा नव्हता.

"उद्या मी चारुदत्तकडे जाते," ती म्हणाली. "त्याला काही कळवू नका."

उंटरश्लाइसहाइमच्या घरी चारुदत्तने दार उघडलं. तिने आत येऊन ऑक्सिमीटर टेबलावर ठेवला.

"किती दाखवत होता म्हणालास?"

"नव्वद. का?"

"काल मी याची पट्टी काढली, चारू. पहिल्यांदाच."

"हा नव्हे. हॉटेलवाल्यांनी दिला होता एक."

"तेव्हा तर 'तू दिलेला' म्हणालास."

"गडबडीत म्हणालो असेन."

"बरं. मग तू समोर बसलेला असताना विनयने मल्हारला फोन का केला?"

चारुदत्तचा चेहरा पडला. हे त्याला नवीन होतं.

"दम लागलेला माणूस समोरच्याला हाक मारतो," ती सपाट आवाजात म्हणाली. "शहराबाहेर गेलेल्याला फोन करत नाही. खोलीत कुणीच नसेल तर करतो. आणि तू बॅग घेऊन आलास तेव्हा तुझं नाक सोललेलं होतं. तिथे रोज पाऊस होता. ऊन पडलं ते फक्त त्या दिवशी. खोलीची खिडकी डक्टमध्ये. मग ऊन तुला कुठे लागलं?"

तो खुर्चीत बसला.

"तो झोपला होता," चारुदत्त म्हणाला. "शप्पथ, शांत झोपला होता. इतक्या दिवसांनी ढग गेले होते. बाहेर आलो तर समोर इलिमानी. अख्खा बर्फाचा डोंगर. म्हटलं, केबल कारची एक फेरी मारून लगेच येतो. वर गेलो की तिथून दुसरी लाइन सुटते. तिथून आणखी एक. उतरायचो, बघायचो, पुन्हा चढायचो."

"त्याने तुला फोन केला असेल. मल्हारच्या आधी."

"हो."

"उचललास?"

"उचलला."

"काय म्हणाला?"

"श्वास घेता येत नाहीये, डॉक्टरला बोलव." चारुदत्तने डोळे मिटले. "मी म्हटलं, आलोच."

"आणि?"

"वाटलं, घाबरलाय नुसता. पुढची केबिन समोर येऊन थांबली होती. मी चढलो, सुलेखा. परत आलो तेव्हा तो दाराशी पडला होता. मग डॉक्टरला बोलावलं."

फ्रिज घरघरत होता. खाली कुणीतरी बाटल्यांच्या डब्यात बाटल्या टाकत होतं. सुलेखा ते आवाज ऐकत राहिली.

"पोलिसांना सांगणार आहेस?"

"माहीत नाही. विनयच्या आईंना तर सांगावंच लागेल. पण आधी तू मल्हारला फोन कर. आत्ता, माझ्यासमोर. स्पीकरवर."

"मल्हारला कशाला?"

"तो रोज स्वतःला दोष देतोय म्हणून."

चारुदत्तने फोन लावला. पलीकडून तो लगेच उचलला गेला.

"बोल रे."

"मल्हार, विनयने तुला फोन केला ना, त्याच्या आधी मला केला होता. मी उचलला होता. मी खोलीत नव्हतो. दिवसभर नव्हतो."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि लांबून उर्जा: "मल्हार, काय झालं? खाली बस आधी. बस."

सुलेखाने जॅकेट चढवलं. चेन लावायला खाली वाकली. चेनचं टोक खाचेत बसेना. ती दारात उभी राहून पुन्हा पुन्हा लावत राहिली. मग डोळ्यांतल्या पाण्याने तिला समोरचं काही दिसेनासं झालं.