चाळीस अक्षरांची खूण

दर रविवारी सकाळी दहाला आम्ही सहा जण सेवोन गावातल्या एका सोतोच्या, म्हणजे रस्साभाताच्या, खानावळीमागे जमायचो. पुढे लोक गरम रश्शात भात कालवून खात असायचे, आणि मागच्या पडवीत आम्ही जुने लॅपटॉप उलटे पाडून बसलेलो असायचो. खानावळवाली आम्हाला 'स्क्रू हरवणारी मंडळी' म्हणायची. तिच्या झाडूला दर सोमवारी दोन-तीन सापडायचेच.

आमचं वेड एकच होतं. ज्या सॉफ्टवेअरच्या पोटात काय आहे ते वाचता येत नाही, ते वापरायचं नाही. मुक्त सॉफ्टवेअर घ्यायचं, त्यातलं नको ते कापायचं, हवं ते जोडायचं आणि यंत्र आपल्या मापाचं करून घ्यायचं. पाक वासिस, म्हणजे वासिसकाका, निवृत्त शाळामास्तर. त्यांनी आपलं यंत्र जावानीज लिपीत बोलतं केलं होतं. वेनिंगने पहिल्याच रविवारी स्वतःच्या लॅपटॉपचा कॅमेरा उपटून काढला आणि भोकावर जखमेची पट्टी चिकटवली.

"उद्या घराच्या खिडक्याही काढशील," पाक वासिस म्हणाले.

"खिडकी माझी आहे, पाक. तिचा पडदा मी ओढते. याचा कोण ओढत होतं ते सांगा."

मी दामार. पारांगत्रितिस रस्त्यावर माझं दुरुस्तीचं दुकान आहे. या सगळ्यांसाठी मी एक आख्खी प्रणाली बांधली होती. तिचं नाव पागार, म्हणजे कुंपण. तिच्या मदतीच्या पानावरचं पहिलं वाक्य माझंच होतं: 'या कुंपणाला दार नाही.' पागार कसलीही नोंद ठेवत नसे. कोण कधी आलं, काय उघडलं, काही नाही. यंत्र चोरीला गेलं तरी चोराला रिकामा डबा मिळावा, अशी ती रचना होती. लोक तिचं कौतुक करायचे तेव्हा मी मान खाली घालून चहा ढवळायचो. मान का खाली घालत होतो ते पुढे येईलच.

आमच्यात एक रीत होती. प्रत्येकाची एक गुप्त डिजिटल किल्ली असते आणि त्या किल्लीची चाळीस अक्षरांची खूण असते. किल्ली कोणाला दाखवायची नाही, पण खूण सगळ्यांनी ओळखायची. म्हणून नवी किल्ली केली की तिची खूण मोठ्याने वाचायची, चार-चार अक्षरांचे दहा गट. बाकीचे कागदावर उतरवून घेतात. वाचून झालं की पाक वासिस विचारतात, "कोणाची?" मालकाने म्हणायचं, "माझी." मग एकेक जण पेन्सिलीने टेबलावर एकदा टक् करतो. म्हणजे पटली. त्यानंतर त्या किल्लीच्या सहीने जे येईल ते त्याच माणसाचं, हे आम्ही डोळे मिटून मानायचो.

वेनिंग वाचायची तेव्हा शून्याला शून्य म्हणायची नाही. 'रिकामं' म्हणायची. सात, ए, रिकामं, तीन. आम्ही चिडवायचो, पण ती काही बदलली नाही.

आता माझी चूक सांगतो. पागार बांधत होतो तेव्हा सुरुवातीला यंत्रं सारखी अडायची. घरबसल्या दुरुस्त करता यावीत म्हणून मी तिच्यात माझी एक वेगळी किल्ली ठेवून दिली. या किल्लीची खूण मी पडवीत कधी वाचली नव्हती. पुढे सगळ्यांना वाचायला ठेवलेल्या मजकुरातून मी ती ओळ काढून टाकली. पण तयार प्रणाली ज्या मूळ प्रतीवरून सगळ्यांना भरून द्यायचो, त्या प्रतीतून काढायची राहिली. आमच्यासारख्यांचीच चूक ही. मजकूर उघडा आहे म्हटल्यावर सगळ्यांना वाटतं, कोणीतरी वाचला असेल. आणि वाचलेला मजकूर आणि हातात आलेली प्रत एकच आहे का, हे ताडून बघायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो.

वेनिंगला तो कंटाळा नव्हता. "मी माझी मीच बांधून घेते," असं ती एकदा म्हणाली होती. आठवडाभर बसलीही. मग पुढच्या रविवारी तिने कोरी पेनड्राइव्ह माझ्यापुढे टाकली. "भरून दे बाबा. तू केलंस म्हणजे झालं."

त्या वेळी चूक माझ्या लक्षात आली होती. मी 'थांब' म्हणायला हवं होतं. मी भरून दिली.

ती नवऱ्यांपासून पळून आलेल्या बायकांना लपवायचं काम करायची. त्यांची नावं, पत्ते, कोण कुठे आहे, सगळं त्या लॅपटॉपमध्ये. म्हणूनच तिला पागार हवी होती. एका दुपारी, साडेतीनच्या सुमाराला, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, आणि मी सहज बघितलं, तिच्या लॅपटॉपला माझी ती किल्ली अजून लागते का. लागली. तिचा आवडता रंग कोणता, ती कोणाला काय लिहिते, हेही मग कळलं. मला ती आवडत होती, हे इथे लपवण्यात अर्थ नाही. मी फक्त बघत होतो, काही हलवत नव्हतो, अशी मी स्वतःची समजूत घालायचो. त्यानंतर दुपारचे साडेतीन वाजले की हात आपोआप तिकडे जायचा.

जारोत माझा चुलतभाऊ. त्याची बायको घर सोडून गेली होती. ईदच्या दिवशी तिच्या दंडावरचे वळ मी पाहिले होते आणि न्हाणीघरात पडल्याची गोष्ट सगळ्यांबरोबर खरी मानली होती. जारोत माझ्या दुकानात येऊन रडला. "जिवंत आहे की नाही, एवढं तरी कोणी सांगा रे."

ती जिवंत होती. तिचं नाव मी आदल्याच दुपारी वाचलं होतं.

"ठीक आहे ती," मी म्हणालो. "पाकेमच्या बाजूला आहे."

मी एवढंच बोललो, असं बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे त्याने विचारलं, "पाकेममध्ये कुठे?" आणि मी बाजारामागचं निळं फाटक सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो तिथे गेला. बायको मागच्या दाराने निसटली. वेनिंग पुढच्या दारात आडवी उभी राहिली. त्याने तिला ओढून ढकललं. खाली दगडी पायऱ्या होत्या. ती तीन दिवस इस्पितळात होती. मधेच शुद्धीवर आली तेव्हा आईला एवढंच म्हणाली, "माझ्याकडूनच फुटलं असणार. पत्ता फक्त माझ्याकडे होता."

जारोत तुरुंगात आहे. पत्ता कोणी दिला, या प्रश्नावर त्याने पोलिसांना सांगितलं, आठवत नाही. मला वाचवलं की स्वतःला, ते त्यालाच ठाऊक.

वेनिंगच्या दफनाहून परत आलो आणि मी मूळ प्रतीतून ती ओळ काढली, किल्ली पुसली, ज्या चकतीवर होती ती हातोडीने फोडली. सगळ्यांना नव्या प्रती भरून दिल्या, सुधारणा आहे म्हणून.

तिसऱ्या दिवशी वेनिंगच्या घरी दुआ झाली. त्याच दुपारी आमच्या सामायिक साठ्यात, जिथे आम्ही पागारमधले बदल पाठवायचो तिथे, एक बदल आला. मदतीच्या पानावरची एक चुकलेली तारीख दुरुस्त केली होती. ती तारीख दुरुस्त कर म्हणून वेनिंग माझ्या मागे लागलेली होती. बदलावर सही वेनिंगच्या किल्लीची होती.

"आधीच पाठवलेलं असेल पोरीने," पाक वासिस डोळे पुसत म्हणाले. "कुठेतरी अडकून राहिलं आणि आज पोचलं."

मलाही तेच पटलं. असं होतं कधीकधी.

सातव्या दिवशी दुसरा बदल आला. 'या कुंपणाला दार नाही' हे वाक्य तिथे नव्हतं. त्या जागी होतं: 'या कुंपणाला एक दार आहे.' सही तपासली. तिचीच. तिची किल्ली एका बोटभर पेनड्राइव्हवर होती, जी वेनिंग गळ्यात घालायची, आणि आईने ती तशीच गळ्यात राहू दिली होती. माती देताना मी स्वतः तिथे होतो. मी कोणाच्या नजरेस पडायच्या आत वाक्य पूर्ववत केलं.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. तिच्या किल्लीची नक्कल कोणी केली का, वेळेत फेरफार आहे का, साठ्यात कोणी घुसलं का, सगळं तपासलं. कुठेही काही नव्हतं.

चाळिसाव्या दिवशी एक यादी आली. फक्त तारखा आणि वेळा. एकतीस ओळी. पहिली वेळ दुपारचे तीन अठ्ठावीस. पुढच्या सगळ्या तिच्या आगेमागे. शेवटची तारीख जारोत दुकानात आला त्याच्या आदल्या दिवसाची. पागार नोंद ठेवत नाही. मीच तिला ठेवू दिली नव्हती. त्या वेळा माझ्याशिवाय कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं, आणि मलाही सगळ्या आठवत नव्हत्या. वाचताना आठवत गेल्या.

यादी मी पुसली. आज्ञा तीनदा चुकली.

शंभरावा दिवस गुरुवारी आला. आम्ही पाचही जण दुपारी कोतागेदेला वेनिंगच्या घरी गेलो. शंकूसारखा रचलेला पिवळा भात, केळीच्या पानावर आपेम, म्हणजे गेलेल्यांसाठी क्षमा मागताना करतात ते तांदळाचे घावन. दुआ आटोपली, शेजारी आपापल्या वाट्याचं बांधून घेऊन गेले, आणि वेनिंगच्या आई, बू मार्सियेम, म्हणजे मार्सियेममावशी, आमच्या टेबलाशी येऊन बसल्या.

"वेनिंगच्या आश्रयगृहाच्या बायका येऊन गेल्या," त्या म्हणाल्या. "गोड बोलल्या. पण म्हणाल्या, वेनिंगच्या निष्काळजीपणामुळे झालं. आता तिचं नाव तिथल्या फलकावर नको म्हणतात. दामार, तू तिचा लॅपटॉप उघडून बघ ना बाळा. चूक तिची नव्हती, एवढंच मला कोणीतरी सांगा."

"तो उघडत नाही, बू," पाक वासिस हळू आवाजात म्हणाले. "दामारलासुद्धा येत नाही उघडता. म्हणून तर तिने तो घेतला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"नाही येत," मी म्हणालो.

बूंनी मान हलवली. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

"मग तो बोलतो कसा?" त्यांनी विचारलं.

पाक वासिसनी चहाचा पेला खाली ठेवला.

"रोज दुपारी, साडेतीनच्या सुमाराला. तिच्या खोलीतून. बॅटरी तर मी काढून ठेवलीय, तू सांगितलं होतंस तशी, फुगू नये म्हणून. तरी आवाज येतो. तिचाच. आकडे म्हणते. मला वाटलं, एखादी दुआ असेल, म्हणून लिहून ठेवलं." त्यांनी ब्लाउजमधून घडी घातलेला कागद काढला. "वाचून झालं की थांबते. कोणाची तरी वाट बघितल्यासारखी. मग उद्या परत."

भिंतीवरच्या घड्याळात तीन पंचवीस झाले होते.

पाक वासिसनी खिशातून आमची खुणांची यादी काढली. सवयीने. बाकीच्यांनीही पेन्सिली घेतल्या. बू चष्मा लावून एकेक अक्षर वाचू लागल्या.

"चार. सी. रिकामं. नऊ."

चार अक्षरं झाली की त्या श्वास घेत. वेनिंग घ्यायची तसा.

"एफ. रिकामं. रिकामं. दोन."

पाक वासिसचं बोट यादीवरून खाली सरकत गेलं, परत वर आलं, परत खाली.

"ही वेनिंगची नाही," ते म्हणाले. "आपल्यातल्या कोणाचीच नाही."

बू वाचत राहिल्या. सहावा गट. सातवा. त्यांच्या तोंडातून येण्याआधी पुढचं अक्षर मला माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी ती खूण मी एकदाच पाहिली होती आणि कुठेही लिहिली नव्हती.

दहावा गट संपला. बूंनी कागद खाली ठेवला.

पाक वासिसनी रीतीप्रमाणे विचारलं, "कोणाची?"

गल्लीत एक मोटारसायकल गेली. चहा निवत होता.

बू माझ्याकडे बघत नव्हत्या. मुलीच्या फोटोकडे बघत होत्या.

"माझी," मी म्हणालो.

परत एकदा म्हणालो, मोठ्याने. मग सगळं सांगितलं. किल्ली, दुपार, निळं फाटक. पाक वासिसच्या हातातली पेन्सिल टेबलाच्या वर तशीच अधांतरी राहिली. कोणीही टक् केलं नाही. मला तो हक्क राहिलाही नव्हता.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. लाकडावर पेन्सिल टेकावी तसा.

टक्.

एकदाच.

आम्ही सगळे त्या बंद दाराकडे बघत राहिलो. साडेतीन झाले, मग पावणेचार, मग चार. आतून काहीही ऐकू आलं नाही.

बूंनी कागदाची घडी घातली आणि माझ्या ताटलीत एक आपेम ठेवला.

"आज वाचलं नाही तिने," त्या म्हणाल्या.