साडेतीन हजार किलोमीटर

शेकोटीत लाकूड सरकवून हैबतीआबा म्हणाले, "वरंधचा सोनबा ठाऊक हाय ना? त्याच्याच तोंडून ऐकलंय. हसू नका, पोरांनो."

गेल्या डिसेंबरातली बारा तारीख, शुक्रवार. सोनबा दुपारी महाडहून आईची औषधं घेऊन परतला. बनुबाई तीन महिने अंथरुणाला खिळलेली. तिची कूस बदलायची, हागणंमुतणं काढायचं, सगळं सोनबा आणि त्याची बायको शकू करायचे. धाकटा भाऊ महिपती लंडनला. बारा वर्षांत चारदा आलेला. आता डॉक्टरांनी आशा सोडली म्हणून निघाला होता.

सोनबाची चाहूल लागली तशी आई म्हणाली, "महिपती आला काय रे?"

"मी हाय, आये. सोनबा."

"बरं." आणि तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

ते 'बरं' सोनबाला डागणीसारखं बसलं. शकूनं ताट वाढलं, त्यानं ते सरकवून दिलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

साडेतीनला महिपतीचं विमान उडालं. लेकीनं, श्रुतिकानं, मोबाइलवर ते लावून दिलं. नकाशावर सरकणारं इवलंसं विमान. लंडन ते मुंबई सात हजार दोनशे किलोमीटर, नऊ तासांची वाट. आई सारखी विचारायची, "किती राह्यलं?" आणि सोनबानं वाचून सांगायचं. सहा हजार. पाच हजार. पाणी पाजत होता तो, आणि नाव चाललं होतं दुसऱ्याचं...

आठ वाजून गेले. घाटातून वारं सुटलेलं.

"किती राह्यलं रे?"

"साडेतीन हजार."

"लय लांब हाय..."

सोनबाचा तोल गेला. "मग जा ना तूच त्याच्याकडं! मी मेलोय असं समज!"



आईनं मान वळवली. त्याच्याकडं पाहिलं. नीट. खूप वेळ.

मग डोळे मिटले.

आठ वाजून दहा मिनिटं. श्वास... नव्हता.

रात्रभर सोनबा उशाशी बसून राहिला. महिपती विमानातून उतरल्यावरही त्याला कोणी कळवलं नाही; एवढ्या लांबचा रस्ता गाडीनं यायचा होता. पहाटे सहाला तो दारात उभा राहिला आणि हळूच म्हणाला,

"दादा, आई आठ वाजून दहाला गेली ना?"

"तुला... कुणी सांगितलं?"

"ती आलेली."

महिपती उंबऱ्यावर टेकला.

"समोरच्या पडद्यावर उतरायला चार तास वीस मिनिटं राहिलेली, म्हणजे आपल्याकडं आठ वाजून दहा. मी झोपलेलो म्हणून जेवणाचं ताट उशिरा आणलं, भात, भाजी, पाव. बाजूची सीट रिकामी. वळून बघतो तर..."

मरतानाही त्याच्याचकडं गेली. सोनबानं विचारलं, "काय बोलली तुझ्याशी?"

"माझ्याशी? काहीच नाय. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाय. ताटाकडं बघत होती. म्हणाली, सोनबा उपाशी हाय. आणि..."

आतून शकूची हाक आली. आंघोळ घालायला बायका जमल्या होत्या. "अवो, आत या. आयची मूठ सुटत नाय."

सोनबा आत गेला. गुडघे टेकले. हात हातात घेतला. लाकडासारखी बोटं...

आपोआप उघडली.

मुठीत पाव होता. छोटा, गोल, रुपेरी कागदातला.

गरम.