पायापर्यंतचा फोटो

त्या शुक्रवारी वाळवंटात मी ज्या माणसाला पहिल्यांदा पाहिलं, तो गाडीच्या टपावर उभा राहून आकाशाला दटावत होता.

बरं, टपावर नव्हता, बॉनेटवर होता. आणि दटावत नव्हता, ढग सरकायची वाट बघत होता. पण चेहरा दटावण्याचाच होता, त्यात मी काडीची भर घातलेली नाही. बहारीनच्या आकाशात वर्षाला चार ढग येत. त्यातला एक नेमका त्याच्या उजेडाच्या आड येऊन बसला होता.

साल एक्याऐंशी, नोव्हेंबरचा पहिला आठवडा. उन्हाळाभर अंगाला चिकटलेली ती ओली हवा एकदाची सुटली होती. ऑगस्टमध्ये आमच्या नर्सेस हॉस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घातले, की काढताना जास्त ओले निघत. नोव्हेंबरात हवा अशी कोरडी, की हसलं तर ओठाला कळे. चर्चमधली सकाळची मिसा आटोपून आम्ही तिघं हिलरीच्या जुन्या डॅटसनमधून रिफाच्या पुढे, कड्यांच्या मुलखात निघालो होतो. हिलरी गाडी चालवत होता, शेजारी त्याची बायको नॅन्सी — माझ्याच वॉर्डातली नर्स, माझ्याच गास गावची — आणि मागच्या सीटवर मी, डुकराच्या मटणाच्या इंद्यालचा आणि तळलेल्या फुग्यांचा डबा मांडीवर घेऊन. बहारीनमध्ये लांबचा प्रवास म्हणजे काय, तर गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली की पुढे समुद्र येतो. म्हणून हिलरी तिसऱ्यावर चालवायचा. देश पुरवून पुरवून बघायचा.

बॉनेटवरचा माणूस पाहून त्याने ब्रेक लावला. काच खाली केली.

"क्या हुआ भाई? गाडी खलास?"

"गाडी ठीक है," तो माणूस वरूनच म्हणाला. "उजाला खलास."

मी नॅन्सीच्या कानाशी वाकून म्हटलं, "कान बघ गो त्याचे. वारा सुटला तर उडून सौदीत जाईल."

तो बॉनेटवरून उतरला. तिपाई मिटली, गळ्यातला कॅमेरा सावरला, आणि खिडकीशी येऊन शुद्ध मराठीत म्हणाला, "सौदीला नाही जाणार. व्हिसा नाही माझ्याकडे."

दुसरी कोणी असती तर डब्यात तोंड लपवलं असतं. मी डबा उघडून पुढे केला. "मग फुग्या खा. पोटात वजन असलेलं बरं, वारा वाढतोय."

तो हसला… आणि मला कळलं की हसताना त्याचे कान किंचित मागे जातात.

नाव युस्टेस. मुंबईचा, मरोळचा. मनामातल्या एका हॉटेलात रिसेप्शनवर. "आठवडाभर लोकांकडे बघून हसतो," तो फुगी इंद्यालमध्ये बुडवत म्हणाला, "म्हणून शुक्रवारी दगडांकडे येतो. दगडांना हसून दाखवावं लागत नाही."

"माणसांचे फोटो काढत नाही?"

"नाही. माणसं हलतात."

"मी नर्स आहे," मी म्हटलं. "हलू नका, हे मी सांगते. मला कोणी सांगावं लागत नाही."

नॅन्सीने मला कोपर मारलं. मग तिनेच विषय काढला, कारण वेळ खरोखरच नव्हता. हिलरी दुसऱ्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, महिन्याभराच्या रजेवर गावी चालला होता. आमच्यात कोणी रजेवर निघालं, की त्याच्या बॅगेत अर्धे कपडे आणि अर्धी इतरांची पत्रं असत. टपाल पोचायचं तेव्हा पोचे, माणूस मात्र नक्की पोचे. त्याच्याबरोबर माझा फोटो जायचा होता. कुवेतमध्ये एक मुलगा होता, तो डिसेंबरात वीस दिवसांच्या रजेवर येणार होता. त्या वीस दिवसांत मुलगी बघायची, चर्चमध्ये लग्न जाहीर करणारे बांध घालायचे आणि लग्न लावून विमानात बसायचं. फोटो वेळेत पोचला की त्याच्या घरच्यांचा होकार येणार, हे जवळजवळ ठरलंच होतं. मी सव्वीस वर्षांची होते. कुवेत मला चालणार होतं. मी काही रडत-भेकत निघाले नव्हते, हे आधीच सांगून ठेवते.

अडलं होतं फोटोवर. स्टुडिओत काढलेला आईने परत पाठवला होता — 'असा फोटो मेल्यावर पेपरात छापतात.' तिला हवा होता साडीतला, बाहेरच्या उजेडातला, आणि डोक्यापासून पायापर्यंत. पाय दिसायलाच हवे, मुलाकडच्यांची अट होती. कोणाकडे तरी त्यांची फसगत झाली होती म्हणे.

"मला एक फोटो हवाय," मी युस्टेसला सरळ सांगितलं. "उद्या दुपारपर्यंत."

"कोणासाठी?"

"कुवेतसाठी."

"अख्ख्या देशासाठी?"

"एका माणसासाठी. अजून पाहिलेला नाही."

त्याने डब्याचं झाकण लावलं, नीट, चारी बाजूंनी दाबून. मग म्हणाला, "उजेड चार वाजता चांगला होईल. तोवर माझ्या मागून या. यल्ला, चला."

बहारीनचा मधला भाग खोलगट आहे, आणि भोवती कड्यांची कड. बाहेरून काही दिसत नाही. गाडी वर चढते आणि एकदम पुढची जमीन नाहीशी होते. पिवळा, तांबूस, मधूनच राखाडी दगड, आणि हिवाळ्यातल्या दोन सरींनी कापत नेलेल्या घळी. आम्ही त्यातल्या एका घळीत उतरलो. ती इतकी खोल होती, की मी वरून खडा टाकला आणि त्याचा आवाज यायच्या आत हिलरीची सिगारेट ओढून झाली. नॅन्सी म्हणते, दोन पुरुष खोल होती. नॅन्सीला उंचीची भीती नाही, म्हणून तिला खोली समजत नाही.

मी साडी खोचली होती आणि पायात हिलरीचे कॅनव्हासचे बूट, दोन नंबर मोठे. युस्टेस पुढे चालत होता. जिथे दगड हलता असेल तिथे थांबायचा, पायाने दाबून बघायचा, आणि पुढे जायचा. हात त्याने एकदाही पुढे केला नाही. मी पडले असते तर केला असता का… हे बघायला मी एकदा पडणारही होते. मग म्हटलं, साडी खराब होईल.

"कुवेतमध्ये डोंगर आहेत का?" त्याने न वळता विचारलं.

"माहीत नाही. का?"

"तुम्ही चांगल्या चढता. वाया जाईल."

शेवटी जबल दुखान, तिथला सगळ्यात उंच डोंगर. नकाशात तो चारशे चाळीस फूट आहे. आमच्या घरात दर नाताळाला वीस फूट वाढतो. वर चढल्यावर दोन्ही बाजूंना समुद्राची निळी रेघ दिसली, आणि खाली तेलाचे पंप, एका चालीत मान वर-खाली करणारे. मला तर थेट गासच्या विहिरीवरचा रहाट दिसला. नॅन्सी म्हणते, तो पंपच होता.

"दिवसभर सगळ्यांना हो म्हणतात हे," युस्टेस पंपांकडे बघत म्हणाला. "रिसेप्शनला घ्यायला हवेत."

"आणि तुम्ही? कशाला नाही म्हणता कधी?"

त्याने कॅमेऱ्याच्या आकड्याकडे पाहिलं. "छत्तीसपैकी पस्तीस झाले," तो म्हणाला. "एकच उरलाय. दगडांनी खाल्ले."

"मग मी हलणार नाही."

सव्वाचार वाजले होते. मी बूट काढले; नवरीच्या फोटोत हिलरीचे बूट नको होते. दगड दिवसभराच्या उन्हाने कोमट होता, तळव्यांना बरं वाटत होतं. पोपटी साडी सोडून नीट केली, पदर घेतला. सूर्य त्याच्या पाठीशी होता, खाली आलेला. तो डोळ्याला कॅमेरा लावून उभा राहिला, आणि किती तरी वेळ काहीच झालं नाही.

"कुठे बघू?" मी विचारलं.

"कुवेत उत्तरेला आहे. तिकडे."

मी उत्तरेला पाहिलं. तिकडे हिलरी दगडाआड लघवीला गेला होता. म्हणून मी वळून समोर पाहिलं. कॅमेऱ्याकडे… म्हणजे कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना जे दिसत होतं त्याकडे. मला हसू आलं. त्याच क्षणी माझ्या पायांना गार लागलं. नुसतं एवढंसं — जसं उन्हातून कोणी अलगद जावं.

खट्ट.

"खलास," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोनला माझी ड्यूटी सुटली तेव्हा तो हॉस्पिटलच्या गेटपाशी उभा होता. डोळे लाल. मनामाच्या गुदैबिया भागातल्या फ्लॅटमधलं न्हाणीघर ही त्याची डार्करूम होती. त्या दिवशी त्याच्या चारी रूममेटांनी अंघोळ केली नव्हती, असं तो म्हणाला. दोन पाकिटं होती हातात.

"चूक झाली माझ्याकडून," तो सुरुवातीलाच म्हणाला. रिसेप्शनवरचं हसू नव्हतं. "जो शिकाऊ असतो ना, तो करतो तशी."

पहिल्या पाकिटातला फोटो मी बाहेर काढला. मी उभी होते, मागे कडे, आणि माझा चेहरा… मी आरशात कधी न पाहिलेला. आणि खाली, दगडावरून लांब होत आलेली त्याची सावली. खांदे, डोकं, कॅमेरा धरलेली कोपरं. सावलीचं डोकं नेमकं माझ्या अनवाणी पायांवर आलं होतं, आणि दोन्ही बाजूंना दोन कान — एक उजव्या पावलावर, एक डाव्या.

दुसऱ्या पाकिटात तोच फोटो, गुडघ्याच्या खाली कापलेला. सावली नाही. पायही नाहीत.

"हा द्या," तो म्हणाला. "चेहरा चांगला आलाय. पाय नाहीत म्हणून त्यांनी नाही म्हटलं तर… मी हिलरीला सांगतो, चूक माझी होती म्हणून."

"आणि हो म्हटलं तर?"

रस्त्यावरून एक पाण्याचा टँकर गेला, मग दुसरा.

चार वाजता हिलरी निघणार होता. मी कापलेला फोटो युस्टेसच्याच खिशात परत सरकवला. "पाय कापून मी कोणाच्या घरी जाणार नाही," मी म्हटलं. आणि अख्खा फोटो, कानांसकट, आईच्या पत्रात घालून पाकीट चिकटवलं. त्याच्यासमोर. जीभ लावून.

पुढचे चार शुक्रवार आम्ही डोंगरात गेलो. नॅन्सी सोबतीला असे, आणि तिला दर वेळी गाडीत बसल्याबसल्या झोप येई. नर्स माणूस, केव्हा झोप घ्यावी हे तिला कळतं. तो 'तुम्ही'वरून 'तू'वर आला, मी त्याच्या कानांवरून त्याच्या हातांवर आले. फोटोबद्दल कोणीच बोलत नव्हतं. आईचं पत्र नाही, तार नाही. डिसेंबर उजाडला. कुवेतचा मुलगा विमानात बसला असेल, हे आम्ही दोघं मोजत होतो, आणि एकमेकांना दाखवत नव्हतो.

मग हिलरी परतला. सुकट, बाटलीचा मसाला, आणि एक कॅसेट. आईला लिहायचा कंटाळा; ती माझ्या भावाच्या टेपवर बोलून पाठवायची. हॉस्टेलमध्ये टेप नव्हता. युस्टेसच्या गाडीत होता. हे कारण अगदी खरं आहे, वाटल्यास नॅन्सीला विचारा.

दुपारी समुद्राकडेला गाडी लावून मी कॅसेट आत सरकवली. आधी कोंबड्या. मग आई.

"आल्बिना, बाय, फोटो पावला. तुझ्या बाने चष्मा लावून बघितला, मी चष्म्याशिवाय. मला आधी दिसलं. बाय, तुझ्या पायांवर कोणाचे तरी कान पडलेत. हिलरीला विचारलं, तर तो म्हणे मला काही ठाऊक नाही, आणि तीन वेळा चहा मागून प्यायला. मग मी तुझं तोंड बघितलं. स्टुडिओतल्या फोटोत तू भिंतीकडे बघत होतीस. ह्या फोटोत बघतेस तशी तू आजवर फक्त तळलेल्या सरंग्याकडे बघितलीयस."

युस्टेसने स्टीअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं. गाडी बंद होती.

"कुवेतवाल्यांना फोटो दिला नाही. देऊन काय सांगू, सावली आमच्या घरचीच आहे म्हणून? त्यांना नाही सांगून मोकळी झाले. आता त्या कानवाल्याला विचार, कुठल्या चर्चचा, आणि सुकी मासळी खातो का. कान मोठे आहेत ते बरं आहे, तू बोलतेस फार. नाताळात दोघं या. बासाठी टॉर्च आण."

पुन्हा कोंबड्या. मग नुसती खरखर.

त्याने टेप मागे घेतला आणि 'आमच्या घरचीच' पुन्हा ऐकलं. मग तिसऱ्यांदा. मग बंद केला.

"मासळी खातो," तो म्हणाला.

"चर्च?"

"मरोळचं." मग समुद्राकडे बघत तो म्हणाला, "आल्बिना, एक सांगायचं राहिलंय. ती चूक नव्हती. सावली मला काचेतून दिसत होती. तुझ्यापासून हातभर अलीकडे संपत होती, फोटो तसाही निघाला असता. पण तू उत्तरेकडून वळलीस आणि माझ्याकडे बघून हसलीस… मी एक पाऊल पुढे टाकलं. पोचावी म्हणून."

तो कान लाल करून बसला. पुढचं ऐकायची तयारी ठेवून, जसं एखादा गिऱ्हाइकाची तक्रार ऐकतो.

मी चपला काढून पाय वर सीटवर घेतले.

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "मला गार लागलं होतं. म्हणून तर पाय हलवले नाहीत."