फटीशी कोण होतं

रामवाडीजवळचा खड्डा दर पावसाळ्यात मुरूम टाकून नुसता झाकणाऱ्यांनो, तुम्हाला झोप तरी कशी लागते? त्याच खड्ड्यात नानांची स्कूटर उलटली. नाना जागीच गेले; पेणच्या कारखान्यात गणपतींचे डोळे आखणारा हात गेला. त्यांची नात ऋतुजा तेव्हा मुंबईत एमएस्सीचा क्वांटमचा पेपर लिहीत होती. घरच्यांनी पेपर संपेपर्यंत कळवलंच नाही. नानांचं तोंडही तिला दिसलं नाही. आता तिला एवढंच हवं होतं, एकदा बघायला मिळावं.

त्या संध्याकाळी लाइट गेली. प्रोजेक्टला अंधार हवाच होता. कारखान्यात बिनडोळ्यांच्या मूर्तींमध्ये बसून तिनं लेझर लावला, समोर दोन बारीक फटींचा पत्रा. भिंतीवर तांबडे पट्टे उमटले.

गेल्याच आठवड्यात कामाला लागलेली हौसा दारातून म्हणाली, "कसलं गो पट्टं? वाघाचं?"

"उजेडाचे, मावशी. वाटेत कुणी उजेडाला गाठून 'कुठल्या फटीतून आलास' असं विचारलं, की जातात."

"उजेडाला इचारणार कोण? येडी हायस!" हौसा हसत पायरीवर टेकली.

थोड्या वेळानं पट्टे गेले.

ऋतुजानं पत्रा तपासला. लेझर जागचा हलला नव्हता. लांबून नुसतं बघून असं होत नाही, हे ती शिकली होती. त्यासाठी कुणीतरी अगदी फटीशीच असावं लागतं...

ओल्या रंगाचा वास आला. मग एक श्वास सुटला, लांब, दमलेला. डोळ्याची रेघ ओढताना नाना श्वास रोखून धरायचे आणि रेघ जमली की अस्साच सोडायचे.

"नाना...?"

पट्टे उमटले. पुन्हा गेले.

तिनं तसंच बसून राहायला हवं होतं. शिकलेलं सगळं तेच सांगत होतं. पण त्या घटकेला शिक्षण कुठलं आठवायला! तिनं मोबाइलची बत्ती लावली.

ओळीनं मूर्ती. कोरे चेहरे. बाकी कुणी नाही.

तिनं बत्ती विझवली. भिंतीवर पट्टे होते आणि आता ते जाईनात.

"नाना, विचारा ना पुन्हा... एकदाच..."

लेझरची बॅटरी उतरेपर्यंत ती विनवत राहिली. पट्टे फिकट होत विझले, पण मोडले नाहीत.

हौसा हळूच आत आली. तिचा आवाज खाली गेला होता.

"तो म्हातारा कोन गो? बत्ती लावलीस तवा तुझ्या गालाला हात लावनारच व्हता."