क्रूसाची जागा

मेक्सिकोतल्या सोनोयटा गावाच्या पश्चिमेला, अमेरिकेच्या सरहद्दीवर कुंपणाचं काम चाललं होतं. तिथे कामगारांच्या तळावर मी स्वयंपाकाला होते. एका बाजूने लोखंडी खांब उभे राहत होते, त्यांच्या कडेने गस्तीच्या गाड्यांसाठी रस्ता. उजाडायच्या आत माझी रोझरीची जपमाळ व्हायची, मग बीन्सचं पातेलं चढायचं, आणि मग मृतांच्या आत्म्यांसाठी एक पेला पाणी. हा नेम मला आईने घालून दिलेला.

पेला मी एका जुन्या, निळ्या क्रूसापाशी ठेवायचे. त्यावरचं नाव उन्हाने उडालं होतं. कोणीतरी तहानेने गेलेलं. आमच्याकडे देह दफनभूमीत पुरतात, पण क्रूस रोवतात तो जिथे शेवटचा श्वास सुटला तिथे. संध्याकाळी पेला रिकामा असायचा. ऊन असतं, मधमाश्या असतात. त्यात नवल नव्हतं.

रस्त्याची आखणी नेमकी त्या क्रूसावरून गेली. आणि माती सपाट करणारं यंत्र चालवत होता माझा एकुलता एक मुलगा, फेर्मिन.

"आई, क्रूस बाजूला घ्यावा लागेल. साहेब रस्ता वळवू देत नाही."

"त्याला सांग, तिथे माणूस आहे."

"माणूस दफनभूमीत आहे. ही दोन लाकडं आहेत." मग माझा चेहरा बघून हसला. "जपून काढतो गं. तुझ्या बशा धुतो ना, तसा."

"म्हणजे फोडणार."

रोलर चालवणारे एलीहिओकाका जेवता जेवता म्हणाले, "वाळत घातलेली चड्डी आहे का ती, या दोरीवरून काढून त्या दोरीवर टाकायला?"

"काम गेलं तर बाळाचा पाळणा तुम्ही आणणार का, काका?" फेर्मिन म्हणाला. सुनेला सातवा महिना होता.

त्याने क्रूस खरंच जपून काढला, रस्त्यापासून लांब रोवला, भोवती दगड मांडले. मी पेला तिथे ठेवू लागले. संध्याकाळी पाहिलं तर काठोकाठ भरलेला. दिवसभर ते ऊन, आणि पाणी गार होतं.

काम थांबलं की गाडीमागे साखळीने जुने टायर बांधून रस्त्यावरून ओढत. माती सारवल्यासारखी होई. रात्री कोणी ओलांडलं तर सकाळी पाऊल दिसावं, म्हणून.

दुसऱ्या सकाळी पावलं दिसली. अनवाणी. क्रूसाच्या जुन्या जागेवर, रस्त्याच्या मधोमध सुरू झालेली. तिथवर येणारं एकही नव्हतं. डावं पाऊल आत वळलेलं, टाच घासत आलेली. तळाच्या दिशेने थोडी चालून ती थांबली होती. पुढे नुसती गुळगुळीत माती.

गस्तीवाले म्हणाले, कोणीतरी फांदीने खुणा पुसल्या असतील. पण रोज संध्याकाळी टायर फिरत, आणि रोज सकाळी ती पावलं आदल्या दिवसापेक्षा जवळ येऊन थांबलेली असत.

फेर्मिनची थट्टा बंद झाली. ताटावर बसला की नुसतं पाणी प्यायचा.

"घसा ओला होतच नाही, आई."

शनिवारी पावलं त्याच्या खोलीच्या पायरीशी थांबली होती.

"तो क्रूस परत जुन्या जागी लाव," मी म्हटलं. "मला दुसरं लेकरू नाही."

"उद्या साहेब नसतो. क्रूस आजच खोलीत आणून ठेवतो, उजाडताच लावतो."

रविवारी मी रोझरी आटोपून पेला घेतला आणि रस्त्यावर आले. सूर्य नुकताच वर येत होता. अनवाणी पाऊल कुठेच नव्हतं. सारवलेल्या मातीवर फक्त फेर्मिनच्या बुटांचे ठसे, पायरीपासून क्रूसाच्या जुन्या जागेपर्यंत, सरळ गेलेले. मी देवाचे आभार मानले.

क्रूस जागेवर उभा होता. फेर्मिन त्याच्याजवळ पाठमोरा उभा होता.

"फेर्मिन."

तो वळला. सावकाश चालत आला.

"लावला," तो म्हणाला.

माझ्या हातातला पेला त्याने घेतला. आत्म्यांचा पेला. एका दमात प्यायला.

"आणखी आहे?"

मी खाली पाहिलं. त्याच्या बुटांच्या नाड्या घट्ट बांधलेल्या होत्या.

जाताना उमटलेले ठसे बुटांचे होते. त्यांच्या शेजारून परत आलेली पावलं अनवाणी होती, आणि डावं आत वळलेलं.