पायरी कापलेला फोटो

मनकर्णानं दाराची कडी दोनदा ओढून पाहिली आणि मगच मोबाइल पुढं केला.

‘तक्रार मागे घे. तुझ्या दारात उभा आहे. पोरगं निळ्या सायकलवर शाळेत जातं ना?’

खाली फोटो. तिचंच दार, भिंतीला टेकवलेली लहान निळी सायकल. दाराची पायरी तेवढी फोटोत नव्हती.

हिंगोलीहून आखाडा बाळापूरला आलेल्या खासगी गुप्तहेर प्रियदर्शनी फोटो बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांचा सहकारी भागवत खिडकीच्या फटीतून गल्ली न्याहाळत होता.

मनकर्णानं ऑनलाइन लिलावात बोली लावून शिलाई मशीन घेतली होती. विकणारा लांबच्या जिल्ह्यातला. खोक्यातून निघाल्या विटा. तिनं साइटवर तक्रार केली आणि आज सकाळी ही धमकी आली.

"लेक कुठं हाय?" प्रियदर्शनींनी विचारलं.

"आत. शाळेत धाडायला जीव धजत न्हाई. सायकल आठ दिवसांपासून दुरुस्तीला, सृष्टी पायीच जाती. वाटंत कोणी धरलं तर?"

"संशय कोणावर?"

"कुरिअरवाला फुलसिंग, न्हाईतर समोरचा मोबाइल दुकानवाला दिपक. पार्सलचं गावात त्या दोघांनाच ठाऊक."

फुलसिंग आला तोच चिडून. "मी काहून धमकी देऊ? रोज याच गल्लीत येतो. बारा दिवसांमागं खोकं पायरीवर ठेवलं, फोटो काढून कंपनीच्या ॲपवर टाकला, गेलो."

मागोमाग आलेला दिपक म्हणाला, "ताईंची तक्रार मीच भरली. खोकं उघडतानाचा व्हिडिओ जोडायचा राहिला. आज पाचला मुदत संपते."

"फुलसिंगच!" भागवत कुजबुजला. "फोटो काढल्याचं कबूल केलं की!"

"काढला त्यानंच. धाडला दुसऱ्यानं." प्रियदर्शनी मनकर्णाजवळ बसल्या. "ताई, फोटो आजचा असता तर त्यात सायकल कशी आली? फुलसिंग रोज इथून जातो, दिपकचं दुकान समोरच. सायकल नाही हे दोघांनाही ठाऊक. धमकी देणाऱ्याला नाही. आणि पायरी काहून कापली? फुलसिंग, तुमचा फोटो दाखवा."

तोच फोटो. फक्त खाली पायरी होती आणि पायरीवर बंद खोकं.

"माल पोचल्याचा हा पुरावा विकणाऱ्यालाही दिसतो. तुमच्या घराबद्दल त्याला जे ठाऊक आहे ते एवढ्या फोटोतलंच. मुदतीआधी तुम्ही भिऊन माघार घ्यावी, म्हणून हा डाव. दारात कोणी नाही, ताई."

मनकर्णाला एकदम रडू फुटलं. मग तिनं डोळे पुसले आणि व्हिडिओ, धमकी, दोन्ही दिपकला साइटवर चढवायला लावलं. पोलिसांतही अर्ज दिला.

चौथ्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज कोवळा, घाबरलेला. "ताई, साइटनं माझं विक्रीचं खातं बंद केलं. पोलीस विचारून राहिलेत. तक्रार मागे घ्या ना."

मनकर्णानं उलट विचारलं,

"तुला लेकरू हाय का?"

"...आहे."

"मग त्याच्याकडं बघ. ती सकाळ माझी कशी गेली, ते कळंल तुला."

तिनं फोन ठेवला.