अजिबात थकले नाही

आईला डायलिसिसच्या मशीनला लावलं की मला चार तास मोकळे मिळायचे. त्या दिवशी वॉर्डाबाहेरच्या बाकावर जरा डोळे मिटतेय, तोच एक उंच चष्मेवाला समोर उभा. हातात कागदांचा गठ्ठा आणि चेहरा कॉपी करताना सापडल्यासारखा.

“माफ करा… तुमच्या आईंनी मला हाकललं.”

“तुम्ही केलंत तरी काय?”

“एकच प्रश्न विचारला हो.” त्याने वाचून दाखवलं, “‘गत सप्ताहात आपणांस शारीरिक क्लांतता कितपत जाणवली?’”

मला हसू आवरेना. “नशीब समजा, पाण्याचा पेला फेकून मारला नाही!”

तोही हसला आणि बाकाच्या टोकावर टेकला. थकव्याचे ते प्रश्न दूरच्या देशात तयार झाले होते. ते इथल्या माणसांना कळतील असे करून द्यायचे, हे त्याचं काम. “पण इथे गाडं अडलंय. प्रत्येक बाई म्हणते, अजिबात थकले नाही. आणि पुढच्या प्रश्नाआधी डोळा लागतो तिचा!”

“थकलात का, असं विचारूच नका. जीव गेला तरी बायका हो म्हणायच्या नाहीत. काय काय करायचं सोडलंत, ते विचारा.”

तो माझ्याकडे बघतच राहिला… जरा जास्तच वेळ. मग म्हणाला, “उद्यापासून कामावर येता?”

वॉर्डाशेजारच्या चादरींच्या खोलीत आमचं बस्तान बसलं. साबणाचा वास, कुरकुरणारा पंखा, दोन स्टुलं. प्रत्येक प्रश्न आधी एकमेकांना विचारायचा, मगच पेशंटना. ‘हिरवळीचं गवत कापताना दम लागतो का?’ या प्रश्नावर मी म्हटलं, “आमचं गवत कुंडीत उगवतं, दोन बोटांनी उपटतो.” त्याने लगेच काट मारली. नियमही आम्हीच ठरवला. कुणी ‘अजिबात नाही’ म्हणालं की गप्प बसायचं, आणि मग हळूच विचारायचं, काय सोडलंत?

आईने त्याचं नाव प्रश्नोबा ठेवलं. नाव ठेवलं, म्हणजे माणूस पसंत होता.

“माझ्यासोबत काम करून किती थकवा येतो?” एकदा तो म्हणाला. “अजिबात नाही, थोडा, बराच की फार?”

“तुम्ही बोललात तर बराच. नुसतं बघत बसलात तर… फार.”

“मला ‘तू’ म्हण ना.”

“सवय लागेल.”

“लागू दे की.”

मी चादरीची घडी मोडून पुन्हा घातली. कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. प्रेमात पडले होते, दुसरं काय!

मग काम संपलं. त्याचं पुढचं ठिकाण लांब डोंगरात होतं, करार दोन वर्षांचा. तो म्हणाला, “चल माझ्याबरोबर. लग्न करून चल.” माझं मन कधीच निघालं होतं. पण तिथे असं मशीन नव्हतं, आणि घरात आम्ही मायलेकी दोघीच.

आईला सांगितलं, तर ती ताडकन म्हणाली, “जा की! माझं अडतंय कुठे? मी काय थकलेय? अजिबात नाही.”

मी गप्प बसले. मग विचारलं, “आई, काय काय करायचं सोडलंस?”

ती खिडकीकडे वळली. “वेणी,” ती म्हणाली. “हात वर धरवत नाहीत गं. पण त्यात काय, केस कापून टाकू.”

तिची वेणी रोज मीच घालत होते, आणि तिचे हात वर जात नाहीत, हे माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं. माझा जायचा धीर तिथेच संपला.

शेवटच्या दिवशी तो बॅग घेऊन त्याच बाकापाशी आला. मी नकारार्थी मान हलवली आणि त्याला सगळं समजलं. त्याने हट्ट केला नाही. केला असता तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

“थकलीस?” त्याने विचारलं.

“छे. अजिबात नाही.”

तो गप्प बसला. आमचाच नियम. मग त्याने अगदी हळू विचारलं, “काय सोडलंस?”

“तुला,” मी म्हणाले.

पहिल्यांदाच ‘तू’ म्हटलं होतं. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आत मशीन वाजायला लागलं. आईचे चार तास भरले होते. मी उठले आणि तिला घरी न्यायला आत गेले.